‘येस’ कुणी म्हणायचं?

खेळाडू : काका, माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या प्रश्नाचं उत्तर विचारण्याआधीच ठरलेलं असतं, तो प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. गेमच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं की मागची स्क्रीन अंधारते, मध्ये चौकट येते आणि विंडोज विचारतं : या अ‍ॅपला तुमच्या डिव्हाइसमध्ये बदल करू द्यायचे का? मी ‘येस’ दाबतो. माझे सगळे मित्र ‘येस’ दाबतात. ‘नो’ दाबलं तर गेम सुरूच होत नाही, आणि मी तर खेळायलाच बसलेला असतो. बरं, ठरवायचं म्हटलं तरी कशावरून ठरवू? चौकटीत प्रोग्रामचं नाव असतं, बनवणाऱ्याचं नाव असतं किंवा ‘अननोन’ असा शेरा असतो. तो प्रोग्राम नेमकं काय बदलणार, कुठे, कशासाठी, यातलं काहीच नसतं. तुम्ही दुकानात आलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ही चौकट चालू करून देता. मी घरी गेलो की आधी सेटिंगमधला तिचा स्लायडर तळाला ओढतो. त्यानं धोका वाढला असं मला वाटत नाही. एक निरर्थक क्लिक वाचतं, इतकंच.

दुरुस्तीवाला : क्लिक वाचतं हे खरं. पण स्लायडर तळाला नेलास म्हणजे काय झालं ते नीट समजून घे. परवानगी मागणं बंद झालं, परवानगी देणं बंद झालेलं नाही. तू अ‍ॅडमिन खात्यात बसलेला असतोस. ज्या प्रोग्रामला अ‍ॅडमिनचा अधिकार हवा, त्याला तो आता गुपचूप मिळतो.

तू एक्सपीचे दिवस पाहिलेले नाहीस. २००१ साली विंडोज एक्सपी आलं, तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवर पहिलं खातं तयार व्हायचं तेच अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, आणि सगळं घर त्याच खात्यात बसायचं. हिशेब, लग्नाचे फोटो, सीडीवरून टाकलेले गेम, कुणाकुणाचे पेन ड्राइव्ह, सगळं तिथेच. जो प्रोग्राम चालला तो मशीनचा मालक झाला. आमच्या धंद्यात त्या काळी मुख्य काम फॉरमॅट मारण्याचंच होतं. २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आलं आणि ही व्यवस्था बदलली. तू अ‍ॅडमिन असलास तरी लॉगिन करताना विंडोज तुझ्यासाठी दोन टोकन बनवतं, एक साध्या वापरकर्त्याचं आणि एक पूर्ण अधिकाराचं. रोजची कामं साध्या टोकनवर चालतात. दुसरं वापरायची वेळ आली की चौकट येते. मागची स्क्रीन अंधारते तेही शोभेसाठी नाही. चौकट वेगळ्या, राखीव डेस्कटॉपवर उघडते, म्हणजे दुसरा एखादा प्रोग्राम तुझ्या वतीनं परस्पर ‘येस’ दाबू शकत नाही. गेम चांगला की वाईट हे ती चौकट सांगतच नाही. तिचं सांगणं एवढंच, की आतापर्यंत तुझ्या खात्यापुरता असलेला हा प्रोग्राम आता साऱ्या मशीनवर हात ठेवू पाहतोय.

आणि तुला वैताग आला असेल तर तो यावा अशीच योजना होती. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या आरएसए परिषदेत मायक्रोसॉफ्टच्याच डेव्हिड क्रॉस यांनी हे उघडपणे सांगितलं होतं. लोक वैतागले की ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे तक्रार करतील आणि बनवणारे कारण नसताना अ‍ॅडमिनचा अधिकार मागणं सोडतील, असा तो हिशेब. तो बराचसा खरा ठरला. जुने गेम सेव्ह फाइल थेट ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहायचे, जिथे साध्या वापरकर्त्याला लिहायची मुभाच नसते. म्हणून तर ‘राइट क्लिक, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हा मंत्र पोरांच्या तोंडी बसला. पुढच्या गेमांनी सेव्ह फाइल वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टनंच दिलेले आकडे आहेत : चौकट आणणाऱ्या वेगवेगळ्या प्रोग्रामांची संख्या ऑगस्ट २००७ ते ऑगस्ट २००८ या एका वर्षात सुमारे ७ लाख ७५ हजारांवरून १ लाख ६८ हजारांवर आली. ज्या क्लिकला तू निरर्थक म्हणतोस, त्यानं हे काम केलं आहे.

खेळाडू : म्हणजे बनवणाऱ्यांना शिस्त लावायची होती आणि त्यासाठी ताटकळत ठेवलं मला. चालेल, तेही मान्य करतो. पण मायक्रोसॉफ्टच्या त्याच काळातल्या माहितीत आणखी एक आकडा होता, तो तुम्ही सोडलात. दहापैकी जवळपास नऊ वेळा लोक ‘येस’च म्हणत होते. आणि यात त्यांचा आळस नाही. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी सुरक्षेच्या सूचना पाहताना माणसाचा मेंदू काय करतो ते एफएमआरआयनं तपासलं आणि २०१५ साली मांडलं. तीच सूचना दुसऱ्यांदा दिसली, की ती पाहण्यासाठी मेंदू घेत असलेले कष्ट एकदम घटतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी आणखी. म्हणजे चौकट माझ्या डोळ्यांसमोर असते, पण मी ती पाहत नसतो.

तुम्हाला लूमचंच उदाहरण देतो. आमच्या कारखान्यात बाण्याचा धागा तुटला की लूम आपोआप थांबते, कापड वाया जाऊ नये म्हणून. पण तीच लूम धागा शाबूत असताना दर दोन मिनिटांनी थांबायला लागली, तर विणकर काय करेल? जॉबरला हाक मारेल आणि ते थांबवणारं साधनच बाजूला करून घेईल, कारण त्याची मजुरी कापडाच्या लांबीवर आहे. मग खरोखर धागा तुटेल तेव्हा लूम थांबणार नाही. दोष विणकराचा की खोटं थांबणाऱ्या साधनाचा?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. ही चौकट विंडोजच्या फोल्डरांची राखण करते. आमच्या घरच्या मशीनमध्ये मोलाचं काय आहे? वडिलांचा टॅलीचा डेटा, यार्नच्या व्यापाऱ्यांची बिलं, बँकेचे आणि जीएसटीचे पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले. हे सगळं माझ्याच साध्या खात्याच्या आवाक्यात आहे. चोर प्रोग्रामला ते वाचायला, पाठवायला, कुलूपबंद करून खंडणी मागायला अ‍ॅडमिन व्हावंच लागत नाही. चौकट येणारच नाही. विंडोज तुम्ही एका दुपारी परत टाकून द्याल, मार्चअखेरचा टॅलीचा डेटा कोण परत टाकून देणार? मायक्रोसॉफ्टही चौकटीच्या या व्यवस्थेला, म्हणजे यूएसीला, सुरक्षेची सीमारेषा म्हणत नाही, सोय म्हणतं. मग तुम्ही तिला भिंत का मानता?

दुरुस्तीवाला : भिंत मी मानत नाही. तुझा टॅलीचा मुद्दा खरा आहे आणि गिऱ्हाइकाला तो समजावणं सगळ्यात कठीण जातं. पण तू चोरी आणि विध्वंस यांत गल्लत करतोयस. साध्या खात्यात घुसलेला प्रोग्राम फाइली कुलूपबंद करतो हे खरं, तरी विंडोज मागे ठेवतं त्या शॅडो कॉपी, म्हणजे फाइलींच्या आधीच्या प्रती, पुसायला त्याला अ‍ॅडमिन व्हावं लागतं. अँटिव्हायरस निकामी करायला, विंडोजच्या आधी सुरू होईल अशा जागी लपायला, त्या मशीनवर लॉगिन केलेल्या दुसऱ्या माणसाचे पासवर्ड मेमरीतून उपसायला अ‍ॅडमिनच लागतो. या शेवटच्या गोष्टीची किंमत आपल्या भागानं मोजलेली आहे.

२७ जून २०१७. न्हावा शेव्याला जेएनपीटीतलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. ते मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडून चालवलं जात होतं, आणि त्या दिवशी नॉटपेट्या नावाच्या प्रोग्रामनं जगभरातली मर्स्कची यंत्रणा पाडली होती. कुठला कंटेनर कुठे आहे, कुठल्या ट्रेलरवर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच बंद. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली, दापोडे, आपल्याकडचा हा सगळा गोदामांचा पट्टा न्हावा शेव्यावरून येणाऱ्या मालावर जगतो. त्यामुळे ती बातमी आपल्याला परदेशातली वाटायचं कारण नव्हतं. मर्स्कचे अध्यक्ष पुढे दावोसमध्ये म्हणाले, ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्यानं उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

आता तो पसरला कसा ते बघ. विंडोजमधल्या एका भोकातून पसरला, पण ते भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी अपडेट टाकलं होतं त्यांचीही मशीन पडली. कारण एका मशीनवर अ‍ॅडमिनचा अधिकार मिळाला की तो मेमरीतून पासवर्ड काढायचा आणि त्याच पासवर्डनं शेजारच्या मशीनवर जायचा. गोदामाच्या ऑफिसात पाच कॉम्प्युटर असतात. पाचही मी किंवा माझ्यासारख्यानं बसवलेले, पाचांवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकच, कारण पाच लक्षात कोण ठेवणार? त्यातल्या एकावर रात्रपाळीचा पोरगा गेम टाकतो. त्यानं दाबलेलं ‘येस’ एका मशीनचं राहत नाही.

खेळाडू : काका, तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. नॉटपेट्या शिरला कुठून? युक्रेनमधल्या एका अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. गेममधून नाही, क्रॅकमधून नाही, कुण्या पोरानं दाबलेल्या ‘येस’मधून नाही. तिथल्या कंपन्या कराचा हिशेब भरायला जे अधिकृत सॉफ्टवेअर वापरत होत्या, त्याचं अधिकृत अपडेट. अशा वेळी चौकट आली असती तरी जगातल्या कुठल्या अकाउंटंटनं ‘नो’ म्हटलं असतं?

आणि अ‍ॅडमिन म्हणून चालवायची सवय आम्हाला गेमनं लावली हेही अर्धंच खरं आहे. जीएसटीच्या पोर्टलवर डीएससीनं, म्हणजे डिजिटल सर्टिफिकेटनं, सही करायची तर एमसायनर नावाचं सॉफ्टवेअर टाकावं लागायचं. ते चाललं नाही की वडिलांना सगळीकडून एकच सल्ला मिळायचा : राइट क्लिक, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. डीएससीच्या टोकनचा ड्रायव्हर टाका, ‘येस’. प्रिंटरचा टाका, ‘येस’. २०१८ च्या एप्रिलपासून ई-वे बिल आलं, गाडी फाटकात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि इथे मेहताजी चौकटीवर ‘येस’ दाबतायत. त्यांनी ती वाचावी ही अपेक्षा तुम्ही कुणापुढे ठेवताय? सरकारी कामासाठी माणसाला रोज न वाचता ‘येस’ म्हणायला लावायचं आणि मुलानं गेम टाकताना तेच केलं की दोष गेमला द्यायचा, हे मला पटत नाही.

दुरुस्तीवाला : मेहताजींबद्दल मला बोलायला जागा नाही. पण गेमवर येऊ, कारण तू क्रॅकचं नाव चुटकीसरशी घेऊन पुढे गेलास. माझ्या दुकानात येणाऱ्या मशीनमधले किती गेम विकत घेतलेले असतात हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. क्रॅकसोबत एक टेक्स्ट फाइल येते. तिच्यात लिहिलेलं असतं : अँटिव्हायरस बंद करा, अमुक फोल्डर तपासणीतून वगळा, सेटअप अ‍ॅडमिन म्हणून चालवा. चोरानं हवं ते सगळं त्या तीन ओळींत मागून घेतलंय, आणि मुलगा ते एकेक करून स्वतःच्या हातानं देतो.

खेळाडू : देतो, कारण त्या तीन ओळी खोट्या आहेत हे ओळखायला त्याच्यापाशी काही साधन नाही. अँटिव्हायरस क्रॅकवर ओरडतोच, क्रॅक साफ असला तरी. मग मुलगा शिकतो की हे ओरडणं पैसे न भरल्याबद्दलचं आहे, विषाणूबद्दलचं नाही. ज्या दिवशी आत खरंच काही असतं, त्या दिवशीही ओरडणं तसंच असतं. मी क्रॅकची बाजू घेत नाही. नवा मोठा गेम तीन-चार हजारांना आहे, लूमवरच्या माणसाच्या मुलाला तो परवडत नाही, तो फुकटातला शोधणार, ही वस्तुस्थिती सांगतोय. अशा मुलाला अमेरिकेतल्या ग्राहकासाठी बनवलेली चौकट वाचवेल अशी तुमची समजूत असेल, तर ती पोकळ आहे.

सायबर कॅफेवाल्यांनी मुलांना विचारण्याच्या फंदात पडायचंच सोडलं होतं, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्यांच्याकडे डीप फ्रीझ असायचं. दिवसभर काय टाकायचं ते टाका, मशीन रीस्टार्ट केलं की सगळं होतं तसं. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी मालकावर ओळखपत्र तपासायची आणि वर्षभर नोंदी ठेवायची जबाबदारी टाकली. खेळणाऱ्यावर ‘या फाइलवर भरवसा आहे का’ असं ठरवायची जबाबदारी कुणी टाकली नाही.

दुरुस्तीवाला : कॅफेत ते जमलं, कारण त्या मशीनमध्ये कुणाचंच काही नव्हतं. रात्री पुसलं गेलं तरी सकाळी कुणी रडत नव्हतं. तुमच्या घरात एकच मशीन आहे, त्यावर वडिलांचा धंदा आणि तुझा खेळ. पुसायचं म्हटलं तर दोन्ही जाणार. आपल्या गावातली खरी अडचण ही आहे आणि सुरक्षेवरच्या कुठल्याही इंग्रजी पुस्तिकेत ती नसते. तिथे गृहीत धरलेलं असतं की ऑफिसचं मशीन ऑफिसात, खेळायचं मशीन मुलाच्या खोलीत. इथे एका खोलीत सायझिंगचा हिशेब चालतो आणि त्याच खुर्चीवर रात्री अकरानंतर तू बसतोस.

आता मला तुझ्याकडून एक उत्तर हवंय. तू मघापासून मालकीची बाजू मांडतोयस : मशीन माझं, निर्णय माझा, मध्ये कुणी विचारू नये. मग तू खेळतोस त्या व्हॅलोरंटचं काय? २०२० साली तो आला तेव्हापासून त्याच्यासोबत व्हॅनगार्ड नावाचा अँटी-चीट येतो. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसतो आणि विंडोज सुरू होतानाच सुरू होतो, तू गेम उघडलास किंवा नाही उघडलास तरी. कर्नलमध्ये म्हणजे अ‍ॅडमिनच्याही खाली. तिथून वडिलांचं टॅली, तुझे पासवर्ड, सगळं त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतं. तो ते पाहतो असं मी म्हणत नाही. पाहू शकतो, आणि पाहतो की नाही ते तपासायचं साधन तुझ्यापाशी नाही. स्लायडर तळाला ओढणाऱ्या मालकानं मशीनचा सगळ्यात आतला भाग परक्या कंपनीला देऊन टाकला आणि त्याला तो स्वातंत्र्य म्हणतो.

खेळाडू : दिलाय, आणि कारण माहीत असून दिलाय. भिंतीपलीकडचं दाखवणारे आणि आपोआप नेम धरणारे प्रोग्राम विकणारे स्वतःच कर्नलमध्ये उतरलेत. अँटी-चीट वरच्या मजल्यावर बसून त्यांना पकडू शकत नाही. तो नसता तर रँक लावून खेळण्यात काही राम उरला नसता. त्यासाठी महिनोन्‌महिने सराव करणारी मुलं आपल्याच गावात आहेत, त्यांची मेहनत एखाद्या पैसे देऊन चीट घेतलेल्यानं पाण्यात घालवावी, हे तुम्हाला चालेल का? शिवाय व्हॅनगार्ड लपून बसत नाही. खाली ट्रेमध्ये त्याचं चिन्ह दिसतं, तिथून बंद करता येतो, अनइन्स्टॉल करता येतो. माझ्याशी सौदा झाला आणि मी तो केला. हाच तर मालकीचा अर्थ.

दुरुस्तीवाला : सौदा करताना दुसऱ्या बाजूनं काय चुकू शकतं हे तुला कुणी सांगितलं होतं? २०१६ मध्ये कॅपकॉमनं स्ट्रीट फायटर ५ सोबत असाच एक कर्नलचा ड्रायव्हर दिला. त्यात असं भोक होतं की कुठलाही प्रोग्राम त्याच्या खांद्यावरून कर्नलमध्ये आपला कोड चालवू शकत होता. ओरड झाली, त्यांनी तो मागे घेतला. २०२२ मध्ये गेनशिन इम्पॅक्टच्या अँटी-चीटचा ड्रायव्हर खंडणीखोरांनी वापरला. ज्या मशीनवर तो गेम कधी बसवलेलाच नव्हता तिथे तो ड्रायव्हर सोबत घेऊन गेले आणि त्याच्याकरवी अँटिव्हायरस बंद पाडले. सही अस्सल होती, म्हणून विंडोजनं तो आत घेतला. आणि वाईट हेतू असायलाच हवा असंही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाइलनं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर नेऊन ठेवली आणि आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहायची वेळ आली. ते तर सुरक्षेचंच सॉफ्टवेअर होतं. ते कर्नलमध्ये होतं म्हणून एवढं कोसळलं.

खेळाडू : हे ऐकल्यावर मला माझ्याच बाजूतली एक फट दिसते, ती बोलून दाखवतो. व्हॅनगार्ड टाकताना जी चौकट आली ती निळ्या पट्टीची होती, बनवणाऱ्याचं नाव नीट लिहिलेलं. माझ्या एका मित्रानं बनवलेल्या छोट्या गेमला पिवळी पट्टी येते, ‘अननोन पब्लिशर’, कारण कोड साइन करायच्या सर्टिफिकेटला पैसे लागतात आणि त्याच्यापाशी ते नाहीत. त्याचा गेम एका फोल्डरमध्ये चार फाइली टाकतो. व्हॅनगार्ड कर्नलमध्ये बसतो. चौकट पहिल्यावर संशय घे म्हणते आणि दुसऱ्यावर ठेव भरवसा. सही कुणी केली हे ती सांगते, काय करणार हे सांगत नाही, आणि मी या दोन गोष्टी एकच समजत होतो. मी शंभर चिल्लर ‘येस’ दाबून सरावलो, आणि जो एक ‘येस’ खरोखर भारी होता तो त्याच हातानं, तेवढ्याच वेळात दाबला गेला.

पण यावरून निष्कर्ष तुमच्या बाजूनं निघतो असं समजू नका. चौकट वाईट विचारते, एवढाच तो निघतो. अमेरिकेतले सॉल्टझर आणि श्रोडर यांचा १९७५ चा निबंध आहे. प्रत्येक प्रोग्रामला कामापुरताच अधिकार द्यावा हे तुमचं तत्त्व त्यातच मांडलेलं आहे. त्याच यादीत शेवटी असंही आहे की संरक्षणाची रचना माणसाला सहज, योग्य रीतीनं वापरता आली पाहिजे. तुम्ही पहिलं घेता आणि शेवटचं सोडता. फोन बघा. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं तेव्हापासून अ‍ॅप वेगवेगळं विचारतं : कॅमेरा हवा, कॉन्टॅक्ट हवेत, लोकेशन हवं. विंडोजनंही सरळ म्हणावं, हा गेम एक ड्रायव्हर बसवणार आहे, तो मशीन चालू होताच चालू होईल आणि सगळी मेमरी वाचू शकेल. मग मी थांबेन.

दुरुस्तीवाला : थांबशील? आरटीओच्या चलनाच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाइली तुला ठाऊक आहेत. फोन स्वच्छ भाषेत विचारतो : अनोळखी ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप टाकायचं का? एसएमएस वाचू द्यायचे का? आपले ट्रकवाले, टेम्पोवाले, शिकलेसवरलेले लोकही ‘अलाऊ’ म्हणतात, कारण त्या क्षणी त्यांना चलन किती आलंय ते बघायचं असतं. प्रश्न चांगला होता आणि तरी उत्तर वाईट आलं. तुझ्या त्या विद्यापीठाच्या प्रयोगाचा अर्थ मला असा दिसतो की नुसते शब्द सुधारून भागणार नाही. प्रश्न कुणाला आणि कुठल्या क्षणी विचारला जातो, तिथे गोम आहे. ज्याला आता लगेच खेळायचंय त्यालाच आपण विचारतो की थांबू का.

म्हणून माझं सांगणं वेगळं आहे. तुझं खातं साधं कर. अ‍ॅडमिनचं खातं निराळं, पासवर्ड वडिलांकडे. मग चौकट नुसतं ‘येस’ मागणार नाही, पासवर्ड मागेल.

खेळाडू : आणि वडील काय करतील? मला हाक मारतील. ‘हे काय विचारतंय बघ रे, टाकू का?’ आमच्या घरात कॉम्प्युटरचं कळतं ते मला. अधिकार त्यांच्याकडे, समज माझ्याकडे, आणि माझा तर त्यात स्वार्थ. तुमच्या व्यवस्थेत ‘येस’ मीच म्हणणार, फक्त बोट त्यांचं असेल.

दुरुस्तीवाला : बोट त्यांचं असेल आणि त्याआधी तुला तोंडानं कारण सांगावं लागेल. ‘गेमचा अपडेट आहे’ म्हणालास तर ते विचारतील, गेमला कशाला लागतो पासवर्ड? त्या प्रश्नाचं उत्तर तुला येत नसेल तर ते तिथेच उघडं पडेल. मला तेवढा अडथळा हवा आहे. त्यापेक्षाही चांगलं म्हणजे मशीनच दोन करा. टॅलीला जुना कॉम्प्युटर पुरतो, तुझा गेम नव्यावर.

खेळाडू : तो विचार मी करून बघितलाय. घरातल्या जुन्या मशीनवर विंडोज १० आहे. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ त्यावर बसत नाही, कारण त्याच्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही. म्हणजे वडिलांचा धंदा ज्यावर सुरक्षित ठेवायचा त्याच मशीनची सुरक्षेची अपडेट थांबलेली, किंवा मुदतवाढीच्या योजनेत नोंदवून थोड्या काळापुरती मिळणारी. आणि नवं, अपडेट मिळणारं, टीपीएम आणि सिक्युअर बूट असलेलं मशीन कुणाला? मला, कारण विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्या दोन्ही गोष्टी मागतो. गेमला लागतं म्हणून सगळ्यात पक्कं मशीन खेळाकडे, आणि हिशेब उरलेल्यावर. उलटं करावं तर माझं खेळणं बंद.

दुरुस्तीवाला : मग काही दिवस उलटं करावं लागेल. नव्यावर हिशेब, आणि गेम त्याच्यावर साध्या खात्यातून जेवढे चालतील तेवढेच. बरेच चालतात, तू करून बघितलेलं नाहीस. जो गेम अ‍ॅडमिनशिवाय सुरूच होत नाही त्याला विचारायचं, तुला हे कशाला लागतं. काहींचं उत्तर बनवणाऱ्याचा आळस एवढंच निघेल, ते सोडून द्यायला तुला जड जाणार नाही.

खेळाडू : ते करेन. साध्या खात्यावर येतो, पासवर्ड वडिलांना देतो, स्लायडर वर नेतो. आळशी गेमांचं ठीक आहे. पण व्हॅनगार्ड आळसानं मागत नाही, त्याचं कारण खरं आहे आणि मला मान्य आहे. तो एकदा पासवर्ड घेऊन आत गेला की पुढचे अपडेट त्याची स्वतःची सर्व्हिस आणते. चौकट येणार नाही, मला कारण सांगावं लागणार नाही, वडील मला हाक मारणार नाहीत. आज जो ड्रायव्हर आहे त्याला आम्ही ‘येस’ म्हटलं. सहा महिन्यांनी जो असेल त्याला कुणी म्हटलं?

दुरुस्तीवाला : तू. आजच्या ‘येस’मध्ये तोही आला.

खेळाडू : मग तो ‘येस’ मागे घ्यायची चौकट मला हवी, आणि ती कुठल्याच स्लायडरवर नाही. तुम्ही म्हणाल गेम काढून टाक. मी म्हणेन, विचारत राहा.